आईचे हात आणि कोकणची उन्हाळी

कोकणातली उन्हाळी पाहून आलो म्हटल्यावर आमच्याकडचा जो तो पहिला प्रश्न एकच विचारतो, "पानी खरंच उकळतं काय रं?" मी सांगतो, उकळत नाही, पण काही ठिकाणी हात घातला तर लगेच काढून घ्यावा लागतो. त्यावर माणसे माना हलवतात आणि दुसरा प्रश्न विचारतात, "आन आईचं हात?" या दुसऱ्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून प्रवास जसा झाला तसा लिहून काढतो आहे. मला लिहिण्याचा सराव नाही. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कुठे अडखळलो तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

गरम पाण्याच्या झऱ्याला कोकणात उन्हाळे म्हणतात. घाटाखाली अशी उन्हाळी ठिकठिकाणी आहेत. कुठे नदीच्या काठी, कुठे देवळाच्या मागे, जमिनीतून पाणी तापूनच वर येते. लोकांनी त्याला दगडी कुंडे बांधली आहेत. सांधे धरलेली, कातडीचे विकार झालेली माणसे लांबून तिथे येतात. आम्ही गेलो ते एका मोटारीतून, आणि आमचे घरही तीच मोटार होती.

सांगली

सांगलीत मी एका वकिलांच्या घरामागच्या खोलीत राहत होतो. त्यांना सगळे अप्पासाहेब म्हणत. खोलीच्या बदल्यात मी त्यांची बाग शिंपायचो आणि बाजारहाट करायचो. लढाई संपल्यावर लष्कराने जुना माल विकायला काढला, त्यात अप्पासाहेबांनी जखमी शिपाई वाहून नेण्याची एक गाडी घेतली. आत दोन बाजूंना दोन खाटा ठेवल्या, मधे स्टो, कोपऱ्यात पाण्याची टाकी, खिडक्यांना काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, जुन्या लुगड्याचे पडदे. बाहेरून गाडीला हिरवा रंग दिला, पण त्याखालचा लाल क्रॉस उन्हात दिसायचाच. गाडी चालवायला दस्तगीरमामू होते. ते मिरजेचे. लढाईत ब्रह्मदेशात त्यांनी अशीच गाडी चालवली होती. गाडीत पडदे लावलेले पाहून ते मला म्हणाले, "ह्या खाटांवर म्या पाय तुटलेली मानसं आनलीत, गड्या. आता वकिलीनबाईंचं गुडघं न्यायचं."

काकूंचे गुडघे दोन वर्षे धरलेले होते. जिना चढता येत नसे. नाताळच्या सुट्टीत कोकणातल्या उन्हाळ्यांना जायचे ठरले, तेव्हा अप्पासाहेब मला म्हणाले, "बिरू, तूही चल. आणि तुझ्या आईलाही आण. तिचे हात धरलेत म्हणत होतास ना? पाण्याने बरे होतील. हिलाही बाईमाणसाची सोबत होईल."

मला त्या क्षणी काय वाटले ते सांगण्यासाठी आमचे घर सांगावे लागेल. आम्ही माण तालुक्यातले. पाऊस आमच्याकडे वाट चुकल्यासारखा येतो. वडील मागावर घोंगड्या विणतात. आई चातीवर लोकर कातते आणि ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, खळ लावते. खळ म्हणजे चिंचोक्यांची पेज. ती लोकरीत मुरावी म्हणून थंडीतही दोन्ही हात कोपरापर्यंत गार खळीत बुडवून चोळावे लागते. तीस वर्षे तसे केल्यावर आईची बोटे वळायची बंद झाली. सकाळी मूठ उघडली तर मिटत नाही, मिटली तर उघडत नाही. दिवाळीला घरी गेलो तेव्हा वडील सरळ म्हणाले, "तिचं हात सुटलं तर तू शीक. न्हाई सुटलं तर सूत कातायला तूच लागशील. दुसरं कोन हाय?" थोरला भाऊ मुंबईला गेला आहे, तो तिकडचाच झाला.

म्हणजे आईचे हात चालले तर माझे कॉलेज चालणार होते. अप्पासाहेबांचे बोलणे ऐकून मी बागेत गेलो आणि झारी रिकामी झाली तरी तीच धरून बराच वेळ उभा राहिलो.

आई सांगलीला आली ती डोक्यावर बोचके घेऊन. त्यात एक नवी घोंगडी होती, काकूंना द्यायला. ते सूत तिने हात धरण्यापूर्वी कातून ठेवले होते. शिवाय एक धुतलेले, घडी मोडू नये म्हणून सुतळीने बांधलेले लुगडे होते.

"हे कशाला?" मी विचारले.

"कुंडातनं भाईर आल्यावर कोरडं नको काय?"

हेळवाक

कऱ्हाडपर्यंतचा रस्ता ओळखीचा होता. पाटण सोडल्यावर दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ आले आणि आई खिडकीला चिकटून बसली. कोयनेला थंडीतही एवढे पाणी वाहताना पाहून ती म्हणाली, "ह्यातलं कुनी इकडं नेत न्हाई व्हय?"

हेळवाकला चहासाठी थांबलो. गाडीच्या रंगाखालचा क्रॉस पाहून लोक जमले. एक म्हातारा काठी टेकत थेट अप्पासाहेबांपुढे आला, तोंड उघडले आणि जीभ बाहेर काढून उभा राहिला. अप्पासाहेबांना काही उमगेना. दस्तगीरमामू पुढे होऊन म्हणाले, "जीभ आत घ्या, बाबा. ह्ये डाक्टर न्हाईत, वकील हायत. हितं जीभ भाईर काढायचं काम त्येंचं."

सगळे हसले, अप्पासाहेबही हसले. ते खरोखर मोकळ्या मनाचे होते, हे मी पुढेही लिहीन. त्या दिवशी दुपारी गाडीतच जेवण झाले. काकूंनी भात केला होता, आईने बाजरीच्या भाकरी आणल्या होत्या. अप्पासाहेबांनी आईची भाकरी मागून घेतली आणि दस्तगीरमामूंनाही आत बोलावले. म्हणाले, "या गाडीत भेदभाव नाही. सगळे एका छपराखाली." मला फार बरे वाटले. आईने मात्र आपले ताट घेऊन दाराच्या पायरीवर बसणे पसंत केले. "वारा येतो हितं," म्हणाली.

काकूंना घोंगडी मनापासून आवडली. "सोवळ्याला अगदी योग्य," म्हणाल्या. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, लोकरीला विटाळ होत नाही असे मानतात. सोवळ्यात घोंगडी पांघरली तरी चालते, कुणाच्याही हातची असली तरी.

मामूंनी हे ऐकून विचारले, "म्हंजे कसं, काकूसाब? मेंढराला इटाळ न्हाई, मेंढरावालीला हाय?"

काकू म्हणाल्या, "दस्तगीर, तू आपला रस्त्याकडे बघ." आणि कुंभार्लीचा घाट सुरू झाला तेव्हा खरोखरच रस्त्याकडे बघण्याची वेळ आली. वळणावर गाडीची मागची चाके दरीवर लटकल्यासारखी वाटत. आई डोळे मिटून बिरोबाचे नाव घेत होती. घाट उतरल्यावर हवा एकदम ओली आणि जड झाली. आमच्या अंगावरची घाटावरची धूळ तिथे चिखलासारखी चिकटली.

आरवली

चिपळूणहून दक्षिणेला आरवली. रस्त्याच्या जवळच, गड नदीच्या बाजूला कुंडे आहेत. आम्ही पोचलो तेव्हा उन्हे कलत होती. पाण्यावर पांढरी वाफ तरंगत होती आणि पाचसहा बायका कुंडात बसून मोठमोठ्याने बोलत होत्या. आमची गाडी दिसताच एक ओरडली, "टोचणीवाले इले गो!" आणि बघता बघता सगळ्या ओल्या अंगाने, हातात कपडे घेऊन, सुपारीच्या बागेतून पळाल्या. एकीची वहाण तिथेच राहिली.

गावात कॉलऱ्याची लस टोचायला मधे अशीच एक गाडी आली होती, असे मागून कळले.

काकू खूश झाल्या. सगळे कुंड त्यांना मोकळे मिळाले. आई पुढे झाली आणि त्यांना हाताला धरून पायऱ्या उतरवू लागली. आम्ही पुरुष पाठ फिरवून नदीकडे गेलो. मागून काकूंचा आवाज येत होता, "हां, तिथेच. जरा जोराने. लोकरीच्या फडक्याने चोळ म्हणजे गरमी आत जाते." त्यांच्या वैद्यांनी हाच उपचार सांगितला होता. गरम पाण्यात गुडघे बुडवून लोकरीच्या फडक्याने तासभर चोळायचे. चोळायचे कुणी, हे कुणी सांगितले नव्हते. ते मला तेव्हा पहिल्यांदा समजले.

शेवटचे तांबे अंगावर घेऊन काकू सोवळ्यात आल्या. त्या वेळी आईला बाहेर, चार पायऱ्या वर उभे राहावे लागले. काकू नवी घोंगडी पांघरून देवळात दिवा लावायला गेल्या. आता आई पाण्यात उतरेल म्हणून मी बघत होतो. पण काकू जाता जाता म्हणाल्या, "सखूबाई, तेवढी धुणी आटपून घे ग. पाणी गरम आहे तोवर मळ निघतो." पाणी तिथे रात्रंदिवस गरमच असते. तरी आई पाटावर बसून धुऊ लागली. ती धुऊन उठली तेव्हा पळालेल्या बायकांचे नवरे चौकशीला आले होते आणि टोचणीची गाडी नाही म्हटल्यावर कपडे काढून कुंडात उतरले होते.

"उंद्या," आई मला म्हणाली. हात तिने पदरात गुंडाळून घेतले होते.

तुरळ

तुरळ तिथून जवळच आहे. इथले पाणी फार कडक. कुंडात एकदम पाय घालवत नाही, बोटे बुडवून, घोटा बुडवून, मग हळूहळू. इथे पाळीची रीत होती. देवळाच्या गुरवाने सांगितले, पहाटेपासून पायरीवर ऊन येईपर्यंत बायका. मग पुरुष. दिवेलागणीच्या आधी पुन्हा घटकाभर बायका. पाळी मोडत नाही, कलेक्टर आला तरी.

आमच्याकडे पाण्याची पाळी असते ती विहिरीवर, पाणी नसते म्हणून. इथे पाणी एवढे की ओढ्यात वाहून जाते, तरी पाळी. मला त्याचे नवल वाटले. आईला वेगळेच नवल वाटत होते. ती गुरवाला म्हणाली, "तुमास्नी देवानं पानी तापवून दिलंय. आमास्नी गार बी देत न्हाई. काय केलं हुतं वो आमी त्येचं?"

गुरव म्हणाला, "तुम्ही देवास विचारा, बाय. मी नुसता दिवा लावतंय."

अप्पासाहेबांनी कुठेतरी ऐकले होते की कुंडात भात शिजतो. मूठभर तांदूळ फडक्यात बांधून दोरीने सोडले. तासाने काढले, आम्ही सगळे भोवती. अप्पासाहेबांनी दोन शिते चावली, विचार केला आणि म्हणाले, "जवळजवळ."

आईने एक शीत दातांखाली घेतले. "सायेब, ह्ये भिजलंय. शिजल्यालं न्हाई."

अप्पासाहेब हसले आणि ते तांदूळ काकूंनी मासे असलेल्या डबक्यात टाकले. दुपारी गावातल्या एका घरून कुळथाचे पिठले आणि उकड्या तांदळाचा भात मिळाला. पिठले आमच्या हुलग्याच्या माडग्याच्याच जातीचे, पण नारळाने गोड झालेले. मला ते आवडले नाही असे मी म्हणू शकलो नाही, कारण माझ्या ताटात पुन्हा पुन्हा पडत होते.

दोन दिवस तुरळला राहिलो. पहाटेची पाळी काकूंची, संध्याकाळची काकूंची. आई त्यांच्या गुडघ्यांशी. बायकांची पाळी संपली की काकूंची पूजा, आणि मग पुरुष. आईने घडी केलेले लुगडे रोज पहाटे बोचक्यातून काढावे, कुंडाच्या काठच्या दगडावर ठेवावे, आणि पुरुष आले की उचलून परत बोचक्यात ठेवावे.

तिसऱ्या सकाळी तिने चहाची कपबशी उचलली आणि कप निसटून फुटला. "सरकला," ती म्हणाली. मी तिची बोटे पाहिली. कातडी पांढरी, सुरकुतलेली, आणि सांधे आधीपेक्षा जाड झालेले.

राजवाडी

राजवाडीचे उन्हाळे मला सगळ्यात सुंदर वाटले. शेतातून वाट जाते, झाडी दाट आहे, शंकराचे जुने लाकडी देऊळ आहे. पाणी आरवलीसारखेच, सोसेल इतपत.

पुरुषांच्या पाळीला अप्पासाहेबांनी मला हाक मारली. "अरे, काठावर काय बसतोस? उतर." मी नको म्हणत होतो. त्यांनी हाताला धरून उतरवले. मी एका दगडावर बसलो आणि पाणी गळ्यापर्यंत आले.

पाणी गरम होते, हे लगेच कळले. पण थोड्या वेळाने गरम वाटेनासे झाले. मग अंग वाटेनासे झाले. पाठीत, खांद्यात, मानेत काहीतरी वर्षानुवर्षे आवळून धरलेले होते असे मला कधी ठाऊकच नव्हते, ते सुटत गेले तेव्हाच कळले. वरती झाडांतून ऊन हलत होते. मला कॉलेज आठवेना, माग आठवेना, वडिलांचे बोलणे आठवेना. आई वीस हातांवर पाटावर धुणे आपटत होती, तो आवाज येत होता, आणि तो कसला आवाज आहे हेही क्षणभर आठवेना.

मग आठवले. मी एकदम उठलो, तसा गारठा लागला.

दुपारी आम्ही दोघेच नदीकडे चालत गेलो, तेव्हा मी अप्पासाहेबांना बोललो. वाक्य मी तुरळपासून जुळवत होतो. तरी तोंडातून नीट आले नाही. मी म्हणालो, "आपली हरकत नसेल तर, म्हणजे आईला अजून एकदाही, तिचे हात, ज्यासाठी आपण तिला..."

अप्पासाहेब थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होते. "अरे, तिला अडवलं कोणी? आणि हात तर दिवसभर गरम पाण्यातच असतात तिचे. खरं सांगायचं तर आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त पाणी तिलाच मिळालंय."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटले नाही. तसे असते तर मला सोपे गेले असते. त्यांना ते अगदी खरे वाटत होते. माझा चेहरा पाहून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं, राजापूरला आपण चार दिवस आहोत. तिथे हिला सांगतो, सखूबाईंना मोकळं सोड. मग तर झालं?"

मी धावत येऊन आईला सांगितले. ती रागावली. "मागून घेतलंस व्हय? पाव्हन्याच्या दारात मागू ने." पण त्या दिवशी तिने बोचक्यातले लुगडे बाहेर काढून उन्हात धरले आणि पुन्हा घडीवर घडी घालून बांधले.

राजापूर

राजापूरचे उन्हाळे गावाबाहेर आहे. दगडी तोंडातून पाणी पडते आणि खाली कुंडात साठते. आम्ही संध्याकाळी पोचलो, बायकांची पाळी होऊन गेली होती. पाळी इथेही तुरळसारखीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे आई काकूंबरोबर गेली. अप्पासाहेबांनी काकूंना सांगितले होते, मी ऐकले होते. काकू म्हणाल्या होत्या, "हो हो, आज एकदा चोळून देऊ दे, उद्यापासून तिचं तिनं बघावं."

ऊन पायरीवर आले तेव्हा काकू कुंडाच्या पायऱ्या चढून वर आल्या. एकट्या. कुणाचा हात न धरता. वर आल्यावर त्यांनी स्वतःच मागे वळून पायऱ्यांकडे पाहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. अप्पासाहेबांनाही भरून आले. दोन वर्षांनी त्या अशा चढल्या होत्या. मलाही आनंद झाला, हे मी मनापासून लिहितो. आईलाही झाला. ती खाली पाण्यात उभी राहून हसत होती, तिच्या हातात लोकरीचे फडके होते.

"आता संक्रांतीचं हळदीकुंकू करायचंच," काकू म्हणाल्या. "दोन वर्षं बायकांना बोलावलं नाही. आजच निघू या. तिळगूळ व्हायचाय, वाण आणायचंय, सगळं पडलंय."

अप्पासाहेब म्हणाले, "आजच?" एकदा माझ्याकडे बघितले. मग म्हणाले, "बरं, तुझी इच्छा."

आम्ही सामान आवरले. तेव्हा दस्तगीरमामूंनी इंजिनाचे झाकण उघडले, आत डोके घातले आणि ओरडले, "सायेब, कार्बोरेटरात कचरा हाय! तासभर लागंल!" मी जवळ गेलो तर कचरा काही नव्हता. मामूंनी फडक्याने पुसलेलाच भाग पुसत मला हळूच म्हटले, "तुझ्या आईला ने, जा. पळ. तासाभराच्या वर मला कचरा सापडनार न्हाई."

मी आईला घेऊन गेलो. तिने बांधलेले लुगडे छातीशी धरले होते. वाटेत ती भराभर चालत होती, मी तिला असे चालताना फार दिवसांत पाहिले नव्हते.

कुंडात सातआठ पुरुष होते. पाळी त्यांची होती. गुरव काठावर दातण करत बसला होता. मी त्याला सांगितले, आम्ही आजच जाणार, आईचे हात धरलेत, फक्त थोडा वेळ. गुरवाने कुंडातल्या माणसांकडे बोट दाखवले. मी पायरीवर उभा राहिलो आणि त्यांना म्हणालो, "आपण जरा..."

एकजण गळ्यापर्यंत पाण्यात बसलेला होता, डोळे मिटून. त्याने डोळे न उघडताच विचारले, "काय म्हणतंय तो?"

"आवशीक न्हाणूक आणलंय," दुसरा आईकडे बघत म्हणाला. आणि माझ्याकडे वळून, चांगल्या शब्दांत, "आता बायांचो वेळ नाय, बाबा. सांजेक आण तिका."

मी अजून काही बोलणार होतो. आईने माझ्या बाहीला धरले. बोटे वळत नव्हती, म्हणून तिने मनगटानेच ओढले. "चल. येळ न्हाई त्येंचा बी, आपला बी."

परत आलो तर मामू अजून इंजिनात होते. आमच्याकडे आणि लुगड्याच्या घडीकडे बघून त्यांनी झाकण आपटले आणि म्हणाले, "सापडला कचरा."

निघताना काकूंनी आईला एक बाटली दिली. उन्हाळ्याचे पाणी त्यांनी आठवणीने भरून घेतले होते. "घरी हातांना लावत जा. गुण येईल." बाटली आईच्या मांडीवर होती. आंबा घाट चढून मलकापूरला आलो तेव्हा ती गार पडली होती.

माण

सांगलीला परतल्यावर आई हळदीकुंकवापर्यंत राहिली, कारण काकूंना घर सारवून हवे होते. देवघरात आता आईची घोंगडी अंथरलेली असते, असे ऐकतो. मी ऐकतो असे म्हणतो, कारण मी सांगलीला नाही. पुढच्या टर्मला मी गेलो नाही. अप्पासाहेबांनी वाईट वाटल्याचे कळवले, आणि बागेला दुसरा मुलगा मिळाला आहे हेही कळवले.

आता मी सूत काततो. माझे सूत जाडेभरडे येते आणि वडील रोज शिव्या देतात. खळही मीच लावतो. माघात सकाळी खळीत हात घातला की पहिले काही क्षण ओरडावेसे वाटते, मग हात जाणवतच नाहीत. ती बाटली कोनाड्यात होती. परवा विहिरीने तळ गाठला, पाणी कमी पडले, तेव्हा वडिलांनी न विचारता ती खळीत ओतली. आई बघत होती.

गावातल्या बायका अजून येतात आणि तिला उन्हाळ्यांविषयी विचारतात. ती सांगते, वाफ कशी दिसते, बायका टोचणीला भिऊन कशा पळाल्या, वकीलसाहेबांचा भात कसा कच्चा राहिला. सगळ्या हसतात. हातांचे विचारले की म्हणते, "गुन यायला येळ लागतो, बाई."

काल मी चातीवर बसलो होतो आणि ती समोर, हात मांडीवर उपडे टाकून. माझ्या हातातल्या सुताकडे बघत होती. मग म्हणाली, "बिरू, तू बसला हुतास न्हवं त्या कुंडात? गळ्यापातूर?"

"व्हय."

"कसं वाटतं रं?"

मी चाती थांबवली. राजवाडीचे ऊन मला आठवले, आणि तो धुण्याचा आवाज.

"गरम असतं," मी म्हणालो.

"गरम असतं ते ठावं हाय मला," आई म्हणाली. "मी त्येच्या म्होरलं इचारतीया."